चौतीसच्या ओळीवरचं बोट

नाक मुरडू नका. दिसायला मी एक पिवळट कागद आहे, कोपऱ्यात चहाचा गोल डाग, अंगभर नुसते आकडे. पण एके काळी इंदूरच्या विमानतळावरून आमच्या कंपनीचं एकही विमान मला विचारल्याशिवाय उडत नव्हतं. मी उड्डाणाचा तक्ता. इतकी वर्षं गप्प बसलो, आता बस झालं. एका बुधवारची गोष्ट माझ्या छातीवर बसून आहे, ती सांगून टाकतो.

माझा जन्म मुंबईचा. कंपनीच्या इंजिनिअरिंग ऑफिसात एका खडखडणाऱ्या प्रिंटरमधून बाहेर पडलो, दोन्ही कडांना भोकांची पट्टी घेऊन. डोक्यावर छापलं होतं 'इंदूर', त्याखाली धावपट्टीची लांबी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. म्हणजे मी फक्त इंदूरचा. भोपाळच्या विमानाला माझा काडीचा उपयोग नाही आणि मला भोपाळचं काही सोयरसुतक नाही. इथे आल्यावर जेल रोडवरच्या दुकानात माझ्यावर प्लास्टिक चढवलं. तेव्हापासून मी इथलाच, बोलीसुद्धा इथलीच लागली, भावाला 'भिया' म्हणणारी.

कंपनीचं नाव विचारू नका. सरकारनं आकाश खाजगी लोकांना मोकळं केलं तेव्हा बऱ्याच कंपन्या निघाल्या आणि बऱ्याच बसल्या. आमची त्यांतलीच एक.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या डाव्या अंगाला तापमान, एकेका अंशाची एकेक ओळ. त्या ओळीत पुढे सरकलात की पहिला आकडा वजनाचा, एवढं घेऊन उडा, याच्या वर एक किलो नाही. मग इंजिनाचा जोर किती लावायचा तो आकडा, आणि मग तीन वेग. बाहेर गरम असलं की हवा पातळ होते. पातळ हवेत पंखांना आधार कमी आणि इंजिनाला घास कमी. म्हणून पारा चढला की वजन उतरवायचं. इतकं साधं आहे, पण लोकांना साधं पचत नाही.

इंजिनाचा जोर पायलट ज्या काट्यावर बघतात त्याला म्हणतात ईपीआर. इंजिनानं पुढून घेतलेल्या हवेचा दाब आणि मागून फेकलेल्या हवेचा दाब, यांचं प्रमाण. काटा कुठवर न्यायचा ते मी सांगायचो. जास्त ओढलात तर इंजिन आतून भाजतं, कमी ओढलात तर धावपट्टी संपते.

आणि ते तीन वेग. पहिला वी-वन. तोवर काही बिघडलं तर ब्रेक मारून थांबता येतं. वी-वन ओलांडला की थांबायचं नाव काढायचं नाही, उडायचंच, एक इंजिन बंद पडलं तरी. मग वी-आरला नाक उचलायचं आणि वी-टू सांभाळून चढत जायचं. खरं सांगू? माझा सगळा हिशेब त्या बंद पडणाऱ्या एका इंजिनासाठी मांडलेला असतो. दोन्ही चालू असताना मला विचारतो कोण.

आणखी एक गंमत. विमान हलकं असलं तर आम्ही इंजिनाशी खोटं बोलायचो. बाहेर अठ्ठावीस असलं तरी चाळीस आहे असं धरायचं आणि चाळीसच्या ओळीतला कमी जोर लावायचा. इंजिन कमी तापतं, जास्त टिकतं. मुंबईचं ऑफिस यावर फार खूश असे. हे खोटं चालतं. याच्या उलटं खोटं, म्हणजे बाहेर जास्त असताना कमी सांगणं, ते मात्र चालत नाही भिया. तिथे माफी नाही.

आता माणसांकडे येतो. आमच्या ऑफिसचे मोठे साहेब शरच्चंद्रजी. आजोबा होळकरांच्या हुजूर कचेरीत होते, आणि ते साहेबांच्या बोलण्यातून अजून गेले नव्हते. माणूस वाईट नाही. फक्त विमान वेळेवर सुटलं नाही की त्यांना श्वास लागायचा, कारण उशीर झाला की मुंबईहून लगेच विचारणा व्हायची.

दुसरी प्राची. बी.एस्सी. झालेली, वय चोवीस, विमानाच्या वजनाचा कागद भरणारी. सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून घेतलेली. माझ्यावर तिचं बोट फिरायचं ते नख न लावता. म्हणून मला आवडायची. काही लोक माझ्यावर चहाचा कप ठेवतात, त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.

आणि तात्याराव, प्राचीचे वडील. त्यांचे वडील महूच्या छावणीत हवालदार होते, त्यामुळे घरात पाठ वाकवून बसायची कुणाची टाप नव्हती. तात्याराव बावीस वर्षं इथल्या एका कापड गिरणीत होते. मिल बंद पडली, दोन वर्षं गेटसमोरच्या सभांना जाऊन झालं, मग एका ठेकेदारामार्फत आमच्या ऑफिसात मदतनीस म्हणून लागले. फाइली पोचवायच्या, चहा आणायचा, विमानापर्यंत कागद न्यायचे. शिकाऊ मुलगी हवी आहे हे त्यांनीच कानावर घेऊन घरी सांगितलं होतं. ऑफिसात मात्र बाप-लेक असं काही दाखवायचे नाहीत. सगळ्यांदेखत ते तिला 'मॅडम' म्हणायचे आणि ती खाली मान घालून हसायची.

मिलमध्ये तात्यारावांचं काम होतं हवेत ओल राखायचं. सूत कोरड्या हवेत तटातट तुटतं, म्हणून विणकाम खात्यात नळांतून पाण्याचा बारीक फवारा सोडायचे. पण ओल फार झाली तर माणसं गुदमरतात. म्हणून भिंतीवर दोन तापमापी शेजारी शेजारी टांगलेल्या. एक कोरडी. दुसरीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, खाली पाण्याची छोटी वाटी. ओल्या फडक्याची नेहमी कमी दाखवते, अंगाला वारा लागला की घाम गार होतो ना, तशी. नियम असा की ओला पारा तीसच्या वर गेला की फवारा बंद. त्यामुळे विणकाम खात्याचे मास्तर रोज चार वेळा लांबूनच ओरडून विचारायचे, "तात्याराव, ओला किती?" आणि तात्याराव आकडा सांगायचे. बावीस वर्षं तोच एक आकडा. कोरडा नुसता पाटीवर लिहून ठेवायचा, तो कुणी विचारत नव्हतं.

मिल बंद झाली तेव्हा मास्तरांनी ती तापमापीची जोडी लाकडी पाट्यासकट तात्यारावांच्या हातात दिली. म्हणाले, घेऊन जा, इथे राहिली तर भंगारात जाईल. तात्यारावांनी ती आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात सावलीला टांगली, खाली एक पाटी ठेवली. रोज फडकं ओलं करायचे, वाचायचे, लिहायचे. सामान चढवणारी मंडळी चिडवायची, भिया, मिलचा भोंगापण आणायचा होता. तात्याराव हसून सोडून द्यायचे. कारण त्या आकड्यांची कुणालाच गरज नव्हती. तापमान प्राची फोनवरून हवामान खात्याला विचारायची आणि मग माझ्याकडे वळायची.

एकदा डबा खाताना तात्यारावांनी तिला विचारलं होतं की गरम झालं की माणसं का उतरवता. तिनं पातळ हवेचं सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, आणि ओलीचं काय? ती म्हणाली, बाबा, इंजिनाला कुठे घाम येतो. दोघंही हसले. मी तिथेच टेबलावर पडलो होतो, मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

आता तो बुधवार.

अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. इंदूरला त्या दिवशी गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या गाड्या, निघतात. गिरण्या बंद झाल्या तरी कामगार वर्गणी काढून झांकी काढतातच. तात्याराव जुन्या सोबत्यांना भेटायला गेले होते आणि दोन दिवस त्यांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. कोण भेटलं, कोण म्हातारं झालं, आणि गर्दीत मास्तरांनी लांबूनच कशी हाक मारली, तात्याराव, ओला किती! हे त्यांनी चहा देताना प्राचीला दोनदा सांगितलं. तिनं दोनदा ऐकलं.

दुपारचं मुंबईचं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं. परतीला एकशे चौदा प्रवासी आणि पोटात तयार कपड्यांचे गठ्ठे. पाऊस चार दिवस थांबलेला, ऊन पडलेलं आणि हवा दमट. त्यात सकाळपासून बाहेर रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, नवी केबल टाकायला. त्या नव्या केबलच्या नादात जुनी तोडून ठेवली आणि आमचे फोन बंद. हवामान खात्याची खोली वळसा घालून पंधरा मिनिटांवर. टॉवरवाले पायलटला रेडिओवर वारा आणि हवेचा दाब सांगायचे, पण तापमान मुद्दाम विचारलं तरच.

शरच्चंद्रजी तीन वेळा घड्याळ बघून झाले. चौथ्यांदा त्यांनी केबिनचं दार उघडलं आणि बाहेर बघून म्हणाले, तात्याराव, ती तुमची मिलची मशीन आज काय म्हणतेय?

अहो, त्या माणसाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मिल सुटल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्याला आकडा विचारला होता. मी प्राचीच्या कोपराखाली होतो, काचेतून सगळं दिसत होतं. पाठ ताठ केली. वाटीत पाणी आहे ना बघितलं, फडकं बोटानं चाचपलं, पुठ्ठ्यानं वारा घातला, दोन मिनिटं थांबले, मग डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून वाचलं. इतक्या काळजीनं तर हवामान खात्यातही कुणी वाचत नसेल.

आत आले आणि म्हणाले, "मॅडम, सत्तावीस."

प्राचीचं बोट माझ्या सत्तावीसच्या ओळीवर आलं. पन्नास हजार दोनशे किलो. विमानाचं वजन त्याच्या जरा खाली होतं. सगळे प्रवासी, सगळे गठ्ठे बसले. तिनं ईपीआर लिहिला, तिन्ही वेग लिहिले, सही केली. शरच्चंद्रजींनी सही केली. मलाही काही कळलं नाही, खोटं कशाला बोलू. केबिनमध्ये नवाकोरा एसी लावलेला, ती सकाळी आठपासून आत बसलेली आणि मी तर तिच्या टेबलावर. आम्हां दोघांनाही बाहेरचं ऊन माहीत नव्हतं.

आमच्यात पद्धत अशी की वजनाच्या कागदाबरोबर मीही कॅप्टनकडे जायचो, त्यांनी स्वतः पडताळून बघावं म्हणून. तात्यारावांनी मला काखेत घेतलं आणि विमानाकडे निघाले. दहा पावलांत माझं प्लास्टिक नरम पडलं. तेव्हाच मी ओळखलं. सत्तावीसला मी असा होत नाही. मला माझ्या ओळी आतून माहीत आहेत. पण कागदाला तोंड कुठे! तात्यारावांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मिलमध्ये ओला सत्तावीस असला की असाच घाम यायचा.

कॅप्टन उदयसिंह जुन्या पद्धतीचे. त्यांनी मला मांडीवर घेतलं, सत्तावीसची ओळ धरली, मग समोर बाहेरचं तापमान दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. त्यांचा काटा छत्तीस दाखवत होता. त्यांनी विचारलं, बाहेर पक्कं सत्तावीस? तात्याराव म्हणाले, साहेब, स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलोय. मी मनातल्या मनात ओरडत होतो. विचारा अजून, अहो टॉवरला विचारा! पण कॅप्टनला उशीर झालेला, आणि उन्हात उभ्या विमानाचा काटा थोडा चढतोच, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली, सही केली, मला परत दिलं. ईपीआरच्या घड्याळावरचा छोटा दर्शक सत्तावीसच्या ओळीतल्या आकड्यावर लावला गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला.

म्हणजे आता दोन्हीकडून मार. वजन दोन टनांनी जास्त, आणि इंजिनाला झेपेल त्याहून जास्त जोर मागितलेला.

तात्याराव परत व्हरांड्यात आले. मिलची शिस्त, आकडा सांगून झाला की पाटीवर दोन्ही पारे आणि त्यांतला फरक लिहायचा. मला त्यांनी तापमापीखालच्या स्टुलावर ठेवलं, खडू घेतला. लिहिलं, कोरडा चौतीस. लिहिलं, ओला सत्तावीस. लिहिलं, फरक सात. आणि तो सात लिहून खडू तिथेच थांबला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. पुटपुटले, "इंजिनाला घाम येत नाही."

मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तक्ता वाचता येतो. त्यांनी माझी सत्तावीसची ओळ शोधली, मग बोट एकेक अंश खाली नेलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. चौतीसच्या ओळीवर आल्यावर त्यांनी वजन वाचलं, अठ्ठेचाळीस हजार शंभर. त्यांनी ते पुन्हा वाचलं.

समोर विमानाची शिडी निघत होती. दार बंद झालं होतं.

तो माणूस तिथे किती वेळ उभा राहिला? अर्धं मिनिट असेल. मला ते फार मोठं वाटलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला त्या बोटातून कळत होतं. शुक्रवारी प्राचीच्या नोकरीचा कागद पक्का व्हायचा होता. चुकीच्या वजनाच्या कागदावर सही तिची होती. सांगितलं तर पोरगी जाते. नाही सांगितलं तर बहुतेक काही होणार नाही, दोन्ही इंजिनं चालतील, विमान उडेल, कुणाला कधी कळणार नाही. पाटी पुसायला एक फडकं पुरे होतं, आणि फडकं हातातच होतं.

मी एवढंच म्हणत होतो, तात्याराव, अजून वी-वन आलेला नाही. अजून थांबता येतं.

त्यांनी मला उचललं, केबिनचं दार ढकललं आणि म्हणाले, "प्राची, चौतीस."

मॅडम नाही म्हणाले. प्राची म्हणाले. तिनं मान वर केली आणि तिला एका क्षणात सगळं समजलं. तात्यारावांनी तुटक तुटक सांगितलं, मी ओला वाचला, मिलच्या सवयीनं ओला वाचला, कोरडा चौतीस आहे. ती उठली आणि शरच्चंद्रजींना म्हणाली, सर, विमानापाशी सांगा, विमान थांबवा, दोन टन जास्त आहे.

शरच्चंद्रजींच्या हातात विमानापाशी उभ्या आमच्या माणसांशी बोलायचा वॉकीटॉकी होता. त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि बटण दाबलं नाही. म्हणाले, इंजिन सुरू होतंय, आता थांबवलं तर मुंबईला काय उत्तर देऊ? हे तक्ते बनवणारे भरपूर राखून बनवतात, दोन टनांनी काय होतं. आणि प्राची, शुक्रवार विसरलीस का, तुझ्याच भल्याचं सांगतोय.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. राखून ठेवलेलं असतं, हो. ते इंजिनात घुसणाऱ्या घारीसाठी, बंद पडलेल्या इंजिनासाठी. तुमच्या उशिरासाठी नव्हे! प्राची म्हणाली, "सर, सही माझी आहे. मीच सांगतेय ती चुकीची आहे." तिनं हात पुढे केला. साहेब वॉकीटॉकी देईनात, ठेवीनात.

तेवढ्यात लक्षात आलं की आम्ही केबिनमध्ये नाही. म्हणजे मी आणि तात्याराव. त्यांनी मला घेतलं होतं आणि ते निघाले होते. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात चपला, उन्हात विमानाच्या दिशेनं धावत होता. एक इंजिन सुरू झालेलं. आवाज एवढा की छातीत धडधड व्हावी. जमिनीवरून विमानाला इशारे देणारा माणूस हात हलवून त्यांना मागे हटायला सांगत होता. तात्याराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, कॅप्टनच्या खिडकीसमोर, इंजिनापासून लांब. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि एकमेकांवर फुलीसारखे धरले. विमानतळावर याचा अर्थ एकच, थांबा. तो इशारा ते रोज बघत होते. आणि त्या फुलीत वर मी होतो, वाऱ्यानं फडफडत. एक कोपरा तेव्हाच दुमडला, तो अजून तसाच आहे.

कॅप्टननं पाहिलं. मग इंजिनाचा आवाज उतरत उतरत गेला.

शिडी परत लागली. प्राची तोवर धापा टाकत पोचली होती. वर जाऊन तिनंच सांगितलं, माझी चूक झाली, तापमान चौतीस आहे. कॅप्टननं रेडिओवर टॉवरला विचारलं. टॉवर म्हणाला, चौतीस. उदयसिंहांनी मला घेतलं, चौतीसच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाले, "बेटा, मैंने काँटा देखा था. देखकर भी छोड़ दिया. ग़लती अकेली तुम्हारी नहीं." त्यांनी पेन काढलं आणि त्या ओळीशेजारी, माझ्या प्लास्टिकवर, सही केली.

मग एक तास गोंधळ. सगळे गठ्ठे उतरवले आणि बारा प्रवासी उतरवले. एकाची लग्नाची बोलणी होती, तो तात्यारावांच्या अंगावर धावून गेला. तात्याराव हात जोडून उभे राहिले. त्यांना कुणी विचारलंच नाही की तुम्ही का उभे आहात.

विमान सुटलं. पश्चिमेला, बेटमा गावाच्या बाजूला तोंड करून धावलं आणि धावपट्टी बरीच उरलेली असताना अगदी सहज उचललं गेलं. दोन्ही इंजिनं मस्त चालू. सुखरूप मुंबईला पोचलं.

आणि तेच आडवं आलं. काही झालं असतं तर लोक तात्यारावांचे पाय धरते. काहीच झालं नाही, म्हणून सगळे म्हणाले, बघा, उगाच तमाशा केला. जास्त वजन असतं तरी गेलंच असतं. शरच्चंद्रजींनी मुंबईला लिहिलं की मदतनिसाच्या हलगर्जीपणामुळे उशीर झाला. स्वतः तापमान विचारलं होतं, हे त्यांना लिहायला जागा उरली नसावी. सोमवारी ठेकेदारानं तात्यारावांना येऊ नका म्हणून सांगितलं. प्राचीचं शिकाऊपण सहा महिन्यांनी वाढलं. तिला काढलं नाही ते कॅप्टनच्या पत्रामुळे, असं नंतर कळलं.

सोमवारी संध्याकाळी तात्याराव तापमापी घ्यायला आले. बुधवारनंतर त्यांनी पाटीला खडू लावलाच नव्हता, तिच्यावर अजून तेच लिहिलेलं होतं, कोरडा चौतीस, ओला सत्तावीस, फरक सात. त्यांनी पाटी पुसली नाही. तशीच पिशवीत घातली.

दोन वर्षांनी कंपनी बसली. सामान आवरताना प्राचीनं मला कचऱ्यातून उचललं आणि घरी आणलं. पुढे ती दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेली. आता तिच्या हाताखाली बरीच मुलं आहेत, वजन-वेग सगळं कम्प्युटर सांगतो. मी तिच्या घरी भिंतीवर आहे, तापमापीच्या शेजारी. कुणाच्या कामाचा नाही. कोपरा दुमडलेला, आकडे फिकट, त्या सहीची शाई तेवढी टिकली आहे.

तात्याराव आता ऐंशीच्या पुढे. घरावरून विमान गेलं की कधी कधी विचारतात, प्राची, त्या दिवशी उडालं असतं का गं? ती दर वेळी तेच सांगते. "दोन्ही इंजिनं चालली असती तर उडालं असतं, बाबा. एक बंद पडलं असतं तर नसतं." ते मान हलवतात आणि म्हणतात, मग बरोबर केलं.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी तक्ता असेल, कागदाचा असो की कम्प्युटरचा, तर एक विनंती आहे. त्याच्यावर बोट ठेवण्याआधी दार उघडून बाहेर जाऊन या. आम्ही विचाराल तेवढंच सांगतो. चुकीचं विचारलंत तर तेही अगदी बिनचूक सांगतो, हाच आमचा दोष.

दोन वाजत आले. तात्यारावांना आता नीट दिसत नाही, तरी ते काठी टेकत येतात, वाटीत पाणी घालतात, पुठ्ठ्यानं वारा घालतात, नाक पाऱ्याला टेकेपर्यंत जवळ जातात. कुणीही विचारलेलं नसतं. मग आत स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं सांगतात, "प्राची, कोरडा एकोणचाळीस!"

आणि ती असेल तिथून ओ देते, "लिहिला, बाबा."